फैय्याज यांच्या मराठीला ‘असूनही’ कशाला?

व्याकरणाच्या तासाला मी ‘असूनही’ हा शब्द शिकवते तेव्हा फळ्यावर एक साधं वाक्य लिहिते. ‘पाऊस असूनही शाळा भरली.’ मग मुलांना विचारते, यात अडथळा कोणता? मुलं म्हणतात, पाऊस. अगदी बरोबर. ज्या गोष्टीला ‘असूनही’ जोडायचं ती गोष्ट अडथळा ठरते.

आता दुसरं वाक्य घ्या. ‘तुम्ही मुसलमान असूनही किती छान मराठी बोलता हो!’ हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आले आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात ऐकलं, एसटीच्या रांगेत ऐकलं, पालकसभेत ऐकलं. बोलणारा माणूस बहुतेक वेळा चांगलाच असतो. त्याला कौतुकच करायचं असतं. पण माझी मुलं सांगतील त्या नियमाने या वाक्यातला अडथळा मी आहे. माझं नाव, माझे अब्बा-अम्मी, माझी नमाज या सगळ्यांतून वाट काढत मराठी कशीबशी माझ्यापर्यंत पोचली, असं ते वाक्य सांगतं.

मी दाभोसा गावात मराठी शिकवते आणि जव्हारला मुलांचा उर्दूचा वर्ग घेते. बीएडला या दोन्ही भाषा माझे अध्यापनाचे विषय होते. त्यामुळे माझं कौतुक झालं काय आणि नाही झालं काय, फार बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. हाच ‘असूनही’ मी फैय्याज यांच्याबद्दल ऐकते. ज्या बाईंनी मराठी रंगभूमीवर गाऊन, बोलून, नाचून उभं आयुष्य काढलं, त्यांच्याबद्दलही लोक म्हणतात, ‘मुसलमान असूनही काय उच्चार!’ तेव्हा मात्र गप्प बसवत नाही. कारण हा प्रश्न एका कलावतीच्या स्तुतीपुरता नाही. मराठी कोणाची, हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे आहे, असा तो प्रश्न आहे. आणि आज तो हक्क रोज संध्याकाळी सात ते दहा या वेळात टीव्हीवरच्या मालिका बजावत आहेत.

आधी फैय्याज यांच्याबद्दल. नव्या पिढीतल्या पुष्कळ वाचकांना त्यांचं नाव माहीत नसेल, आणि तो त्यांचा दोष नाही.

फैय्याज इमाम शेख या सोलापूरच्या. सोलापूर हे गाव ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको की तिथे एका गल्लीत चार भाषा नांदतात. विणकाम करणाऱ्या पद्मशाली घरांत तेलुगू, लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरांत दखनी ढंगाची उर्दू, आणि बाजारात, शाळेत, भांडणात, लग्नात सगळ्यांची मिळून मराठी. अशा गावात वाढलेल्या मुलीला भाषा शिकायला जावं लागत नाही, भाषाच दारातून आत येतात. म्हणजे फैय्याज बहुभाषिक झाल्या त्या मुसलमान ‘असूनही’ नव्हे. त्या सोलापूरच्या मुसलमान घरातल्या होत्या ‘म्हणून’ झाल्या. एक शब्द बदला, अर्थ सरळ होतो.

याच जिल्ह्यातल्या बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. त्याला महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं पेटवणारा तो आवाज. ‘शाहीर’ हा शब्द मुळात अरबी-फारसीतला ‘शाइर’. ‘तमाशा’ हा शब्दही तिकडचाच, आणि शाहिराच्या हातातला ‘डफ’सुद्धा. पेशवाईतला लावणीकार सगनभाऊ मुसलमान. त्याच्याही आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेले. १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेही सोलापुरातच. ही सगळी यादी मी पुरावा म्हणून देत नाही. पुरावा आरोपीने द्यायचा असतो. ज्यांना वाटतं की मराठी बोलणारा मुसलमान हा अपवाद आहे, त्यांना हे अपवाद मोजता मोजता दमायला होईल, एवढंच सांगायचंय.

डिसेंबर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची ‘नाट्यसंपदा’. खाँसाहेब आफताब हुसेन झाले होते वसंतराव देशपांडे, आणि त्यांची मुलगी झरीना झाल्या होत्या फैय्याज. मला या जोडीबद्दल नेहमी एक गंमत वाटते. विदर्भातल्या ब्राह्मण घरातला गवई खाँसाहेब होतो, आणि ते खाँसाहेब मराठी रसिकांना इतके पटतात की वसंतराव आणि खाँसाहेब वेगळे काढता येत नाहीत. कोणी म्हटलं का, ‘ब्राह्मण असूनही काय खाँसाहेब उभा केला!’ नाही म्हटलं. म्हणायला नकोच होतं. नटाचं काम दुसरा माणूस होणं हेच आहे. मग फैय्याज यांच्या बाबतीत हेच साधं सत्य का विसरलं जातं?

त्या काही झरीनापुरत्या उरल्या नाहीत. मुसलमान नटीला मुसलमान भूमिका, असा हिशेब त्यांच्या कारकिर्दीत बसतच नाही. कुसुमाग्रजांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’ या झाशीच्या राणीवरच्या नाटकात त्या गायल्या. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘महानंदा’ या चित्रपटात त्या गोव्यातल्या देवळाच्या सावलीत वाढलेली, मंगेशावर श्रद्धा ठेवणारी भाविणीची मुलगी झाल्या. लावणी त्यांनी गायली, नाट्यपद गायलं, भावगीत गायलं, गझल गायली. हृषिकेश मुखर्जींच्या ‘आलाप’ या १९७७ च्या हिंदी चित्रपटात जयदेव यांच्या संगीतात भूपिंदर यांच्यासोबत त्यांचा आवाज आहे. श्रेयनामावलीत ‘कुमारी फैय्याज’ असं नाव.

हे ऐकायला सोपं वाटतं. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून मला ठाऊक आहे की यात केवढे कष्ट आहेत. उर्दू बोलणारं मूल मराठीच्या वर्गात येतं तेव्हा पहिली अडचण ‘ळ’ची. ‘कळ’ आणि ‘कल’ यांत त्याला फरक ऐकूच येत नाही. मग ‘ण’. मग ‘च’ आणि ‘ज’. मराठीत ‘चार’ आणि ‘चाक’ यांचा ‘च’ एकच लिहितो, पण तोंडात दोन वेगळ्या जागा लागतात. ‘जीवन’ आणि ‘जावई’ यांचंही तसंच. उलट बाजूने पाहा. मराठी मूल उर्दू शिकायला बसलं की त्याचा ‘गम’ कोरडा निघतो, ‘ख्वाब’मधला ‘ख’ घशातून येत नाही, ‘कलम’चा ‘क’ पुढेच राहतो. मोठी माणसं वर्षानुवर्षं दोन्हीकडे बोलून बोलून एक काहीतरी मधलं तयार करतात आणि त्यावर भागवतात. गाणाऱ्या नटीला असं भागवता येत नाही. नाट्यपदात ‘ळ’ घसरला की पहिल्या रांगेतला म्हातारा कान टवकारतो. गझलेत नुक्ता गेला की मैफलीतला उस्ताद मान खाली घालतो. दोन्हीकडचे कान सांभाळून, तेही ऑर्गन-तबल्यासोबत, रोज नव्या गावात, समोरच्या माणसांपुढे, दुसरा टेक नाही अशा जागी गायचं. फैय्याज यांनी हे केलं. याला मेहनत म्हणतात. ‘असूनही’ म्हटलं की ही मेहनत नाहीशी होते आणि उरतो फक्त एक चमत्कार. चमत्काराचं श्रेय माणसाला द्यावं लागत नाही.

या कारकिर्दीला नाट्यक्षेत्राने सर्वोच्च मान दिला तो फेब्रुवारी २०१५ मध्ये. पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बेळगावात भरलं आणि त्याच्या अध्यक्षपदी फैय्याज होत्या. जागा लक्षात घ्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून ज्या गावासाठी मराठी माणूस भांडतोय, ज्या गावात मराठी पाटीसुद्धा वादाचा विषय होते, त्या गावात मराठी नाटकाचा झेंडा सोलापूरच्या शेखांच्या मुलीच्या हातात होता. मराठीपणाची याहून सरळ साक्ष कुठली असेल मला माहीत नाही. ती साक्ष दिली गेली, टाळ्या झाल्या, आणि आपण घरी जाऊन मालिका लावल्या.

तिथेच माझं भांडण सुरू होतं.

फैय्याज यांच्या तरुणपणी नाटक हे नटीला घडवणारं घर होतं. आज ते काम मालिका करते. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं, ‘आभाळमाया’ आली, पाठोपाठ ईटीव्ही मराठी आलं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढे प्रयोग फार थोड्या नाटकांचे झाले. मराठी भाषा आज जितकी मालिकांतून लोकांच्या कानांवर पडते तितकी पुस्तकातून, नाटकातून, वर्गातून मिळून पडत नाही. माझ्या दाभोशातल्या मुलांच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. मोबाइलवर मालिका येते. त्यामुळे मराठी कुटुंब कसं असतं, मराठी सून कशी बोलते, मराठी माणसांत कोण मोडतं आणि कोण मोडत नाही, हे सगळं त्यांना मालिका शिकवते. मी नंतर शिकवते.

आणि मालिका मुसलमानाला काय भाषा देते? मी जेवढ्या पाहिल्या तेवढ्यांवरून सांगते. बहुतेकींत तो नसतोच. एवढा मोठा वाडा, एवढी मोठी सोसायटी, एवढं मोठं गाव, पण शेजारी एकही शेख, पठाण, मुल्ला, तांबोळी, मणियार, बागवान राहत नाही. असलाच तर तो रिक्षावाला, मटणवाला, नाहीतर सणापुरता मित्र. ईदच्या भागात येतो, शिरखुर्मा देतो, ‘भाईजान’ म्हणतो आणि पुढच्या ईदपर्यंत गडप होतो. तो जे बोलतो ती ना मराठी ना उर्दू. ‘हम तुमकू बोल्या था ना’ अशा छापाची एक मोडकी हिंदी संवादलेखकांनी आमच्यासाठी करून ठेवली आहे. तीत उर्दूचा एकही शब्द नीट नसतो. म्हणजे मराठी तर नाकारलीच, वर उर्दूही बिघडवून हातात दिली.

बाई असेल तर ती आणखी गप्प. डोक्यावर ओढणी, डोळ्यात भीती. तिला गाता येत असेल, ती नाटकात काम करत असेल, ती शिक्षिका असेल, तिला सासूशी मराठीतून चांगलं खणखणीत भांडता येत असेल, असं कोणाच्या मनातही येत नाही. ज्या मराठी पडद्याने फैय्याज यांना महानंदा होऊ दिलं, त्याच मराठीतला आजचा छोटा पडदा फैय्याज यांच्या घरातल्या बाईला फैय्याजसुद्धा होऊ देत नाही.

याचा परिणाम पडद्यावरच राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या उर्दूच्या वर्गात येणारी एक मुलगी, आठवीतली. तिच्या शाळेत मराठीत पहिली. प्रार्थनेला अभंग तीच सांगायची, आणि माझ्याकडे रविवारी गझल म्हणायची. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक नाटुकलं ठरलं, एका गाजलेल्या मालिकेवर बेतलेलं. तिने सुनेचं काम मागितलं. बसवणाऱ्यांनी तिला शेजारची सलमा दिली. संवाद तेच, ‘हम तुमकू, तुम हमकू’. तिने विचारलं, सलमा मराठीत का बोलत नाही? उत्तर मिळालं, ‘अगं, मग ती सलमा आहे हे कळणार कसं?’ गंमत म्हणजे त्या संहितेतल्या मराठीच्या चुका त्यांनी तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतल्या होत्या. तिने सलमा केली. लोक खूप हसले, शिट्ट्या पडल्या. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी मी तिचं नाव द्यायला निघाले तर म्हणाली, ‘आपा, भावगीत म्हणू का गझल? भावगीत म्हटलं तर हसणार नाहीत ना?’

हा प्रश्न एका चौदा वर्षांच्या मुलीने विचारला, जिला मराठीत शंभरापैकी त्र्याण्णव गुण होते. ‘मग ती सलमा आहे हे कळणार कसं’ या एका वाक्यात सगळी मालिका-कला सामावली आहे. माणूस कळायची गरज नाही, लेबल कळलं पाहिजे.

हे फक्त आमच्याच वाट्याला आलंय असंही नाही. दाभोशातली माझी मुलं घरी वारली बोलतात, कोकणा बोलतात, ठाकूर घरांतली त्यांची बोली बोलतात. मालिकेत आदिवासी दिसतो तो नोकर म्हणून, नाहीतर जंगलात नायिका हरवली की वाट दाखवायला. त्याची भाषा म्हणजे शब्दांची तोंडं वाकडी करून केलेला काहीतरी आवाज. माझ्या वर्गातल्या पोरांना तो ऐकून कळत नाही की ही आपली नक्कल चालली आहे. ती वारली नसतेच मुळी. ज्या जव्हार-मोखाड्यात बोहाड्याला संबळ वाजतो, मुखवटे निघतात, माणसं रात्रभर देवदैत्यांची सोंगं नाचवतात, तिथल्या मुलांना अभिनय परका आहे असं कोण म्हणेल? बोहाड्यात सोंग घेतलेला माणूस त्या रात्री ते सोंग असतो. सकाळी तो पुन्हा शेतकरी होतो. तिथे हे साधं तत्त्व अंगठेबहाद्दराला कळतं. ते गोरेगावच्या आणि आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या नायगावच्या सेटवर का कळत नाही?

आता मला ठाऊक आहे काय उत्तरं येतील. तीन नेहमीची उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर, ‘प्रेक्षकांना असंच आवडतं, टीआरपीचा प्रश्न आहे.’ प्रेक्षकांना १९६७ मध्ये खाँसाहेब आणि झरीना आवडले. ‘कट्यार’ त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चाललं. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुबोध भावेंनी त्यावर चित्रपट केला, लोकांनी पुन्हा रांगा लावल्या. दोन घराणी, एक मुसलमान, एक हिंदू, मत्सर, पश्चात्ताप, गाणं. एवढं उर्दू त्यात आहे, एवढ्या हिंदी बंदिशी आहेत, कोणी उठून गेलं नाही. तेव्हा प्रेक्षकाच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. रोज एक भाग काढायचा, आज लिहायचा, उद्या शूट करायचा, परवा दाखवायचा, या घाईत लेखकाला माणूस लिहायला वेळ नसतो, ठसा लिहायला असतो. ही तुमची अडचण आहे. तिला प्रेक्षकांची आवड म्हणू नका.

दुसरं उत्तर, ‘अहो, पण मुसलमान बोलतातच तसं.’ कोण मुसलमान? मुंबईतल्या काही वस्त्यांत बम्बैया हिंदी चालते, ती तिथे सगळेच बोलतात, मराठेही आणि गुजरातीही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांच्या घरात जाऊन बघा. चुलीपाशी आजी जी भाषा बोलते ती कोकणीच्या वळणाची मराठी आहे, पिढ्यान्‌पिढ्या. पश्चिम महाराष्ट्रातले मुलाणी, तांबोळी, आतार गावात कुठली भाषा बोलतात? शेताच्या बांधावर भांडताना कोणी ‘हम तुमकू’ म्हणत नाही. आणि जे घरी दखनी बोलतात ते बाहेर मराठी बोलतात, जसे सोलापूरचे पद्मशाली घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलतात. एक माणूस, दोन भाषा. वर्षा उसगांवकर गोव्याच्या. कोकणीत गातात, मराठी चित्रपट आणि मालिका करतात, हिंदीत बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मध्ये उत्तरा झाल्या. याला आपण अष्टपैलूपणा म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. मग कोकणीभाषक अष्टपैलू आणि उर्दूभाषक ‘असूनही’, हा न्याय कुठला?

तिसरं उत्तर सगळ्यात टोचणारं आहे. ‘तुमचे लोक तरी मुलींना पाठवतात का या क्षेत्रात?’ याचं उत्तर मी टाळणार नाही, कारण हे भांडण एका बाजूचं नाही. नाही पाठवत. आमच्याकडे मुलीने मिलादला नात म्हटली की बायका डोळे पुसतात, लग्नात हळदीची गाणी म्हटली की दाद देतात, उरुसात कव्वाल बोलावला की पुरुष नोटा उधळतात. तीच मुलगी म्हणाली की मला गाणं शिकायचंय, तर घर सुतकात जातं. आवाज अल्लाहची देणगी आहे असं म्हणायचं आणि ती देणगी पेटीत कुलूप लावून ठेवायची. वर आमच्यातलेच काहीजण मराठीला ‘त्यांची भाषा’ म्हणतात. उर्दू शाळेतही मराठी विषय असतो, २०२० च्या कायद्याने तर राज्यातल्या प्रत्येक शाळेत मराठी सक्तीची केली. तरी ती पासापुरती शिकायची, पस्तीस मिळाले की सुटलो म्हणायचं. जी भाषा तुम्ही पस्तीस गुणांपुरती ठेवाल तिच्यावर हक्क सांगायला तोंड कुठून आणाल? मालिकावाले आम्हाला मराठीबाहेर काढतात हे खरं, पण आमच्यातले काहीजण दार आतून लावून घेतात हेही तितकंच खरं. फैय्याज यांच्यासारख्या बाईला अशा दोन दारांमधून वाट काढावी लागते. आणि त्यांच्या नावाने मिरवायला मग दोन्हीकडचे पुढे येतात.

उर्दूची शिक्षिका म्हणून एक सांगते. ‘फ़य्याज़’ या शब्दाचा अर्थ उदार, हात सैल सोडून देणारा. आणि हे नाव बहुतेकदा पुरुषाचं असतं. आग्रा घराण्याचे उस्ताद फैय्याज खाँ सगळ्यांना माहीत आहेत. या बाईंनी तेच नाव, ना मऊ करून ना बदलून, मराठी नाटकाच्या जाहिरातीत छापू दिलं. हिराबाई बडोदेकर उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या, त्यांच्या नावात वडिलांचं नाव उरलं नाही. त्यामागे घरातली वेगळी कारणं होती. मेहबूब पटेल अमर झाले, शेख मात्र राहिले. प्रत्येकाचा काळ, प्रत्येकाचा नाइलाज वेगळा. पण १९६७ साली मराठी संगीत नाटकाच्या बोर्डावर नुसतं ‘फैय्याज’ असं लिहिलेलं होतं आणि लोक तिकीट काढत होते, हे आजच्या मालिकेच्या निर्मात्यांनी रोज सकाळी आठवावं.

गाण्याचंही तेच. मालिकेत नटीला गाता येत असलं तरी ते वापरायला जागा नाही. शीर्षकगीत गायिका गाते, नटी बारा-तेरा तास उभी राहून क्लोजअप देते. २०१५ च्या ‘कट्यार’मध्येही झरीना झालेल्या अमृता खानविलकर अभिनेत्री आहेत, गायिका नाहीत. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांना आवाज राहुल देशपांडेंचा. चित्रपटाचं ते तंत्रच आहे, त्यात दोष नाही. पण एकाच बाईने गावं, बोलावं आणि रडावं, तिन्ही एकाच श्वासात, ही जी संगीत नाटकाने घडवलेली गोष्ट होती, ती कुठेतरी चालू ठेवायची असेल तर रोजच्या मालिकेइतकी मोठी जागा दुसरी नाही. आठवड्यातून एक प्रसंग तरी असा लिहा जिथे घरातली बाई स्वतःच्या आवाजात गाईल. ती शिंदे असो नाहीतर शेख.

मागणी मोठी नाही. मुसलमानांवर मालिका काढा असं मी म्हणत नाही. ‘सलोख्याचा विशेष भाग’ तर मुळीच नको, त्यात शेवटी आम्ही शिरखुर्मा वाटतो आणि तुम्ही डोळे पुसता. मुसलमान भूमिका मुसलमानानेच करावी असंही म्हणत नाही, वसंतरावांनंतर तसं म्हणणं मूर्खपणाचं होईल. मी म्हणते ते एवढंच. शेजारच्या घरात शेख कुटुंब राहू दे, त्यांच्याकडे गॅस संपू दे, त्यांच्या मुलीचा नापास झालेला पेपर असू दे, त्यांच्या सासूला सून आवडू नये, आणि हे सगळं मराठीत होऊ दे. घरात ते आपापसांत उर्दू बोलले तर ती नीट उर्दू असू दे, संहिता एकदा कोणा उर्दू शिक्षकाला दाखवा. या जिल्ह्यातच पुष्कळ आहेत, चहावर तपासून देतील. वारली बोलणारा माणूस दाखवायचा तर एखाद्या वारल्याला विचारा. आणि पुढच्या वेळी कोणा फैय्याजचं कौतुक करायला उभे राहाल तेव्हा ‘असूनही’ गिळून टाका.

आमच्या लोकांनाही एक सांगणं आहे. घरात एखादी मुलगी गुणगुणत असेल तर आधी तिला गप्प करू नका. तिला विचारा की काय गातेस. त्या मुलीने शेवटी स्पर्धेत भावगीत म्हटलं. मी तिला सांगितलं होतं, ‘हसले तर हसू देत, तू सूर सोडू नकोस.’ कोणी हसलं नाही. तिचा दुसरा नंबर आला. परीक्षकांपैकी एकजण माझ्याजवळ येऊन कौतुकाने म्हणाले, ‘मुसलमान असूनही ‘ळ’ काय सुंदर म्हणते हो!’

मी त्यांना फळ्यावरचं वाक्य सांगितलं. पाऊस असूनही शाळा भरली. आणि विचारलं, ‘सर, यात पाऊस कोण?’ ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, असं मनात नव्हतं हो माझ्या.’ नसेलच. पण तोंडात होतं. आणि तोंडात आलं ते रोज संध्याकाळी कानात पडतं म्हणून.